चाप, घोडा आणि मधले पाच-सहा तुकडे

गोळीबाराच्या बातमीत ‘त्याने घोडा दाबला’ असं हमखास छापून येतं. घोडा कोणी दाबत नाही. बोट असतं चापावर. घोडा असतो मागे, स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, शेपटीशी. चाप पुरेसा मागे आला की घोडा सुटून पडतो आणि त्याच्या टोल्याने फायरिंग पिन काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या प्रायमरवर आदळते. चाप म्हणजे ट्रिगर, घोडा म्हणजे हॅमर. ग्लॉकसारख्या पिस्तुलात घोडा नसतोच, तिथे आतला स्ट्रायकर ते काम करतो. घोडा असलेल्या पिस्तुलात मात्र चाप आणि घोडा यांच्यामध्ये पाच-सहा लहान तुकडे बसलेले असतात, आणि पिस्तूल हातात गुळगुळीत लागणार की खरखरीत, हे त्या तुकड्यांत ठरतं.

ते तुकडे बदलून ट्रिगर सुधारायचा, हा अमेरिकेतल्या नेमबाजांचा आवडता उद्योग. टेक्सास किंवा ॲरिझोनात स्थायिक झालेली, शनिवार-रविवारी प्रॅक्टिकल शूटिंगच्या, म्हणजे घड्याळ लावून फिरत-फिरत निशाणं टिपण्याच्या, स्पर्धांना जाणारी मराठी मंडळीही त्यात असतात, आणि त्यातले बरेच जण पेशाने इंजिनिअर असल्यामुळे पिस्तूल विकत घेतल्यापासून आठवड्याच्या आत ते उघडतात. भारतात असणाऱ्यांनी हे फक्त वाचावं. इथे ९ मिमी पॅराबेलम हा प्रतिबंधित बोअर आहे, आणि १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात फेरफार हे परवानाधारकाचं काम आहे. घरच्या टेबलावर करायचं नाही.

उदाहरणासाठी पिस्तूल घेऊ सीझेड ७५ बी. फ्रांटिशेक आणि योसेफ कोउत्स्की या भावांनी चेकोस्लोव्हाकियातल्या उहेर्स्की ब्रोदच्या कारखान्यासाठी रचलेलं हे पिस्तूल १९७५ साली आलं. नावातला ‘बी’ पुढचा. त्याचा अर्थ फायरिंग पिन अडवून धरणारा ब्लॉक आत आहे. याच घराण्यातलं, २०१६मध्ये आलेलं शॅडो २ हे खास स्पर्धेसाठी असल्याने त्यात तो ब्लॉक नाही. हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागेल.

कारखान्यातून आलेल्या ७५ बीची ओढ दोन प्रकारची. घोडा खाली असताना चाप ओढला, तर चापच घोड्याला मागे नेतो आणि सोडतो. ही डबल-ॲक्शन ओढ लांब असते, वजन १० ते १२ पौंड, म्हणजे साडेचार ते साडेपाच किलो. पहिली गोळी सुटली की स्लाइड घोड्याला मागे उभा करून ठेवते, आणि पुढची प्रत्येक ओढ सिंगल-ॲक्शन: आखूड, ४ ते ५ पौंडांची. ट्रिगर हलका करायचा म्हणतात तेव्हा यातली नक्की कुठली ओढ, हे आधी विचारावं. दोन्हींचे आजार वेगळे, औषधंही वेगळी.

सुटे भाग मागवण्याआधी एक जवळजवळ बिनखर्चाचं काम आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या जागेत, स्नॅप कॅप (नकली काडतूस) घालून हजारभर वेळा चाप ओढायचा. रोज शंभर ओढी धरल्या तर दहा दिवस. नव्या पिस्तुलातला बराचसा खरखरीतपणा कापकामाच्या बारीक रेघांमुळे असतो, आणि त्या रेघा एकमेकींवर घासून आपोआप बसतात. स्नॅप कॅप मात्र हवीच. ७५ बीमध्ये फायरिंग पिन एका आडव्या रोल पिनने अडवलेली असते. रिकाम्या चेंबरवर घोडा पडत राहिला की प्रत्येक वेळी फायरिंग पिन त्या रोल पिनवर आपटते. आधी ती वाकते, मग तुटते, आणि तुटकी रोल पिन फायरिंग पिनला जागीच अडकवून ठेवते. पाच डॉलरची स्नॅप कॅप वाचवायला गेलेला माणूस शेवटी पंच आणि हातोडी घेऊन बसतो.

मग मोजमाप. बोटाला काय वाटतं त्यावर विसंबू नका, बोट फार लवकर सरावतं. ओढीचं वजन मोजणारा ट्रिगर गेज घ्या, साधा स्प्रिंगचा असला तरी चालेल. गेजचा हूक चापाच्या वक्राच्या मध्यभागी, दर वेळी त्याच जागी लावायचा. खाली टोकाकडे लावला तर तरफ लांब होते आणि वजन कमी दिसतं. सुधारणेनंतरचे जे अचाट आकडे लोक सांगतात, त्यांतले काही नुसते हूक खाली सरकल्यामुळे आलेले असतात. डबलच्या दहा ओढी, सिंगलच्या दहा ओढी, सगळी मापं वहीत. दहांमध्ये एका पौंडाहून जास्त फरक दिसला तर तुमचा प्रश्न वजनाचा नाही. कुठेतरी काहीतरी अडखळतंय, आणि हलकी स्प्रिंग घातली तरी ते अडखळणारच.

आता स्प्रिंग. घोड्याला जोर देते ती मेनस्प्रिंग. ती मुठीच्या मागच्या भागात उभी असते. कारखान्याची २० पौंडांच्या घरातली, बाजारात १५, १३ आणि ११.५ पौंडी मिळतात. इथे नवखे लोक घोळ घालतात: १३ पौंडी स्प्रिंग म्हणजे १३ पौंडांचा ट्रिगर नव्हे. तो आकडा स्प्रिंगच्या स्वतःच्या ताकदीचा आहे. डबल-ॲक्शनमध्ये बोट ही स्प्रिंग पूर्ण दाबतं, त्यामुळे तिथे फरक मोठा पडतो. २०वरून १३वर आलात तर दोन-तीन पौंड सहज उतरतात. सिंगलमध्ये स्प्रिंग आधीच दाबलेली असते. बोटाला फक्त सिअर, म्हणजे मागे उभ्या घोड्याला अडवून धरणारा तुकडा, घोड्याच्या दातातून सोडवायचा असतो. तिथे फरक अर्ध्या पौंडाच्या आसपास.

बेरेटा ९२वाल्यांचं याबाबतीत बरं आहे. त्यांच्याच कंपनीच्या, फक्त डबल-ॲक्शन असलेल्या ९२डीची १६ पौंडी स्प्रिंग ९२एफएसमध्ये जशीच्या तशी बसते. ‘डी स्प्रिंग’ म्हणून ती वर्षानुवर्षं विकली जाते. थोड्या पैशांत एवढा फरक पाडणारा दुसरा भाग घोड्याच्या पिस्तुलांच्या दुनियेत सापडणं कठीण.

सीझेडची मेनस्प्रिंग बदलणं दहा-पंधरा मिनिटांचं काम. मॅगझिन बाहेर. चेंबर डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून पाहा. खोलीत जिवंत काडतूस नको, दुसऱ्या टेबलावरही नको. स्लाइड किंचित मागे ओढून फ्रेमच्या आणि स्लाइडच्या मागच्या टोकावरच्या दोन उभ्या रेघा जुळवा, उजवीकडून स्लाइड स्टॉप दाबून काढा, स्लाइड पुढे निघून येते. मुठीच्या दोन्ही पट्ट्या स्क्रू काढून बाजूला. घोडा हाताने धरून खाली सोडा. उभ्या घोड्यावर स्प्रिंग काढायला जाऊ नका. मुठीच्या बुडाशी मागच्या बाजूला एक आडवी पिन दिसते, तिच्यावर मेनस्प्रिंगचं बूच अडकलेलं असतं. तळहाताने बूच आत दाबून धरा, पिन पंचने ठोकून काढा, हात सावकाश सैल करा. बूच आणि स्प्रिंग खालून हातात येतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. नवी स्प्रिंग घालताना घोड्याला लटकलेला दांडा तिच्या पोकळीत नीट शिरला आहे ना, तेवढं बघायचं. तो तिरका राहिला तर पिन बसते, पण घोडा अर्ध्यातच अडतो.

इथेच थांबलात तरी पुष्कळ झालं. बहुतेकांनी इथेच थांबावं, असं आमचं मत आहे.

कारण हलक्या स्प्रिंगची उधारी कुठेतरी फेडावी लागते. घोड्याचा जोर कमी झाला की प्रायमर पेटण्याची खात्री कमी होते. चाप ओढला, घोडा पडला, नुसता टक् आवाज आला, अशी वेळ येते. इंग्रजीत तिला ‘लाइट स्ट्राइक’ म्हणतात. ती आधी डबल-ॲक्शनमध्ये दिसते, कारण चाप घोड्याला जिथून सोडतो ती जागा पूर्ण चढवलेल्या घोड्याच्या किंचित पुढे असते. घोड्याची धाव आखूड, म्हणून टोला हलका. म्हणजे चाचणी सिंगलमध्ये कितीही केली तरी उपयोग नाही, प्रत्येक गोळी डबलमध्येच झाडून बघायला हवी.

प्रायमरही सगळे सारखे नसतात. फेडरलचे मऊ, चटकन पेटणारे. सीसीआयचे कठीण. ११.५ पौंडी स्प्रिंगवर फेडरल बिनबोभाट चालतात, सीसीआयवर तेच पिस्तूल अधूनमधून मुकं होतं. स्पर्धेत मिरवणारे हलके ट्रिगर बहुतेक वेळा घरी भरलेल्या, फेडरल प्रायमरच्या काडतुसांवर चालत असतात, हे विकणारा सांगत नाही. दुकानातून हाताला येईल ती पेटी उचलणाऱ्याने १५च्या खाली जाऊ नये. १३ हा स्पर्धकाचा आकडा. ११.५ हा आपल्या प्रायमरची पेटी स्वतः निवडणाऱ्याचा.

न पेटलेलं काडतूस लगेच फेकू नका. निशाणाच्या दिशेने पिस्तूल धरून तीस सेकंद थांबा (प्रायमर उशिरा पेटण्याची शक्यता असते), मग काढून बुडाकडे बघा. खळगा उथळ असेल तर घोड्याचा जोर कमी पडला. खळगा खोल असूनही पेटलं नसेल तर प्रायमरच वाईट. आणि पहिल्या टोल्याला न पेटलेलं काडतूस दुसऱ्या टोल्याला पेटलं तर संशय काडतूस भरणाऱ्यावर घ्या: प्रायमर खिशात पूर्ण दाबला गेला नव्हता, पहिल्या टोल्याची ताकद त्याला आत बसवण्यात गेली. प्रायमर काडतुसाच्या बुडाशी सपाट किंवा केसभर खाली असावा. टेबलाच्या सपाट पृष्ठभागावर काडतूस उभं करून बघा, डुलत असेल तर प्रायमर वर आला आहे.

घोड्याच्या हलक्या टोल्यावर उपाय म्हणून लांब फायरिंग पिन मिळते, सोबत तिची हलकी स्प्रिंग. लांब पिनमुळे उरलेल्या जोरातही प्रायमरपर्यंत पुरेसा टोला पोहोचतो. ७५ बीमध्ये हे चालतं, कारण तिथे ब्लॉक आहे. शॅडोसारख्या बिनब्लॉकच्या पिस्तुलात फायरिंग पिनला मागे धरून ठेवणारी ती एकच स्प्रिंग आहे. पिस्तूल नळी खाली करून फरशीवर पडलं तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊ नये, ही जबाबदारी त्या एका स्प्रिंगची. ती आणखी हलकी करू नका. आणि ७५ बीमधला ब्लॉक काढून टाकून ओढ थोडी साफ करण्याची टूम आहे, ती तर मुळीच नको. त्यातून मिळणारा फायदा बोटाला जेमतेम जाणवतो.

मेनस्प्रिंगचा आणखी एक परिणाम लोक विसरतात. गोळी सुटल्यावर मागे जाणारी स्लाइडच घोड्याला या स्प्रिंगविरुद्ध चढवते. मेनस्प्रिंग हलकी केली की स्लाइडला होणारा विरोध कमी होतो आणि ती जास्त वेगाने मागे जाते. हाताने स्लाइड ओढणं सोपं होतं, ते बरंच वाटतं. पण रिकामी काडतुसं पूर्वीपेक्षा लांब फेकली जाऊ लागली तर रिकॉइल स्प्रिंगकडे, म्हणजे स्लाइडला परत पुढे आणणाऱ्या स्प्रिंगकडे, पुन्हा बघायला हवं.

सिंगल-ॲक्शनची गोष्ट निराळी. तिथे सगळा खेळ दोन कडांचा आहे: घोड्याच्या दाताची कड आणि सिअरच्या जिभेची कड. घोडा चढवून पिस्तूल दिव्यापुढे आडवं धरा, रिकामं आहे हे पुन्हा पाहून, आणि चाप अगदी सावकाश ओढा. नजर घोड्यावर ठेवा. कारखान्याच्या ७५ बीमध्ये घोडा पडण्याआधी किंचित मागे सरकताना दिसतो. आधी वाटतं डोळ्यांचा भास आहे. पुन्हा ओढा, पुन्हा दिसेल. दात आणि जीभ यांचा कोन मुद्दाम तसा ठेवलेला असतो: जीभ निसटायची तर तिने घोड्याला आधी स्प्रिंगविरुद्ध थोडं मागे ढकलायचं. मध्येच बोट सैल केलं तर मेनस्प्रिंग घोड्याला पुढे रेटते आणि जीभ परत दातात खोल शिरते. सुरक्षिततेसाठी हा कोन उत्तम. पण त्या जागी बोट मेनस्प्रिंगशीही भांडत असतं, म्हणून ओढ जड आणि लांबट लागते. ‘भिंत’ लागल्यावरही, म्हणजे मोकळी ओढ संपून जोर लागू लागल्यावरही, चाप थोडा थोडा सरकत राहतो.

बाजारातले स्पर्धेचे हॅमर हे मागे सरकणं जवळजवळ काढून टाकतात. काजून गन वर्क्स, सीझेड कस्टम यांसारखे कारागीर कठीण पोलादाच्या पट्टीतून वायरकटने हॅमर कापतात. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये काम केलेल्याला वायरकट म्हणजे काय ते सांगायला नको. तारेच्या ठिणगीने कापलेली कड किती सरळ येते ते त्याने पाहिलेलं असतं. दाताची उंची कमी, कोन जवळजवळ तटस्थ. घोडा मागे न सरकता सुटतो. ओढ ३ पौंडांच्या आसपास येते आणि सरक जवळपास नाहीशी होते. काच तडकावी तसा सुटतो, असं लोक म्हणतात.

हाच कोन घरच्या कानशीने मिळवता येईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. नका करू. कारखान्याच्या अशा भागांत बहुतेकदा फक्त वरची कातडी कठीण केलेली असते, आतलं पोलाद मऊ. कानशीच्या चार हातांत ती कातडी जाते. पहिल्या दिवशी ट्रिगर अप्रतिम लागतो. पाचशे गोळ्यांनंतर मऊ कड दबते, कोन उलटा होतो, आणि मग घोडा मागे सरकण्याऐवजी आपणहून पुढे सरकू पाहतो. हा सगळ्यात धोकादायक ट्रिगर. चढवलेला घोडा धक्क्याने पडतो, किंवा एका ओढीत दोन गोळ्या जातात. दोन गोळ्या गेल्या तर हसू नका आणि ‘परत एकदा बघू’ म्हणू नका. मॅगझिन काढा, पिस्तूल रिकामं करा, त्या दिवशी ते पुन्हा भरू नका. एका ओढीत एकाहून जास्त गोळ्या झाडणारं हत्यार अमेरिकी कायद्यात मशीनगन ठरतं, तो भाग आणखी वेगळा.

पॉलिश करायचंच असेल तर बाजूचे भाग खुशाल करा. ट्रिगर बार, म्हणजे चापाची ओढ मागे पोचवणारी पट्टी, फ्रेमला घासते त्या बाजू, घोड्याचा दांडा, ब्लॉकच्या दट्ट्याचा बाहेरचा गोल. काळ्या मार्करने हे भाग रंगवा, पिस्तूल जोडून पन्नास वेळा चाप ओढा, उघडून बघा. शाई जिथे गेली तिथेच घर्षण आहे, तिथेच ८०० आणि मग १५०० नंबरचा पॉलिश पेपर, मागे सपाट ठोकळा धरून. चकाकी हा हेतू नाही, खाचा गेल्या की थांबायचं. दात आणि जीभ यांना पेपर लावायचा नाही.

नवा हॅमर बसवायचा म्हणजे पिस्तूल अर्ध्याहून जास्त उघडावं लागतं. सेफ्टी निघते, मग सिअरचा पिंजरा, घोड्याची पिन, घोडा. पिंजऱ्यात ब्लॉक उचलणाऱ्या तरफेची एक स्प्रिंग असते, डासाच्या पायाएवढी. ती उडाली की सापडत नाही, हा जगभरच्या सीझेडवाल्यांचा अनुभव. पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत हात घालून पिंजरा उघडा, उडाली तरी पिशवीत राहील. तशीच एक जादा स्प्रिंग सुरुवातीलाच मागवून ठेवा, टपालखर्च तिच्या किमतीहून जास्त पडतो.

खरी अडचण पुढे आहे. नव्या हॅमरमुळे सिअर चढलेल्या स्थितीत पूर्वीपेक्षा किंचित वेगळ्या जागी थांबतो, आणि सेफ्टी त्या सिअरलाच अडवत असते. म्हणून सेफ्टी वर जात नाही, किंवा जाते पण सिअर पुरता अडत नाही. पहिल्या प्रकारात सेफ्टीचा खांदा अगदी थोडा थोडा घासून जुळवावा लागतो. जास्त घासला गेला तर दुसरा प्रकार आपणच तयार केला, आणि सेफ्टी नवी आणावी लागते. हे काम गनस्मिथकडे द्यावं. हॅमर स्वतः बसवणाऱ्यानेही सेफ्टी त्याच्याकडून जुळवून घ्यावी. त्याची मजुरी वाचवण्याची ही जागा नव्हे.

डिस्कनेक्टरही, म्हणजे चाप सोडल्याशिवाय पुढची गोळी जाऊ न देणारा तुकडाही, बदलून मिळतो. तो बदलला की चाप पुन्हा ‘बसण्या’साठी, म्हणजे पुढच्या गोळीला तयार होण्यासाठी, जितका पुढे सोडावा लागतो ते अंतर कमी होतं. ब्लॉक असलेल्या पिस्तुलात मात्र चापाची आणि ब्लॉक उचलणाऱ्या तरफेची वेळ जुळलेली हवी. ब्लॉक उशिरा उचलला तर घोडा पडतो आणि अडवलेल्या फायरिंग पिनवर नुसताच आपटतो. तो लाइट स्ट्राइकसारखाच दिसतो आणि माणूस उगाच स्प्रिंग बदलत बसतो. म्हणून हे भाग एकाच घराचे, एकत्र जुळवलेल्या संचातले घ्यावेत. याचा हॅमर, त्याचा डिस्कनेक्टर, तिसऱ्याचा सिअर अशी खिचडी करू नये.

आणि चाप परत पुढे ढकलणारी ट्रिगर रिटर्न स्प्रिंग. सीझेडचा हा जुना नाजूक भाग, तुटतो. तुटला की चाप लोळत पडतो. ओढीतले काही ग्रॅम वाचवायला लोक हीसुद्धा हलकी घालतात आणि मग घाईत बोटाबरोबर चाप पुढे येत नाही. आमच्या मते ही स्प्रिंग मूळ ताकदीचीच ठेवावी आणि एक सुटी पिशवीत बाळगावी. बसवताना त्रास देते: दोन पाय फाकवलेली, पिन आत सरकू न देणारी. पिनच्याच जाडीची, स्प्रिंगच्या रुंदीएवढी आखूड सळई आधी तिच्यात घाला, सगळं जागेवर बसवा, मग खऱ्या पिनने त्या सळईला दुसऱ्या बाजूने बाहेर ढकला.

काही चापांवर दोन बारीक स्क्रू असतात. एक आधीची मोकळी ओढ कमी करतो, दुसरा घोडा सुटल्यानंतरची. दुसऱ्याचा मोह जास्त, कारण तो घट्ट केला की चाप जागच्या जागी थांबतो आणि फार टापटीप वाटतं. तो जास्त आवळला तर सिअर पूर्ण मागे जात नाही, आणि खाली पडणाऱ्या घोड्याची अर्ध्या चढाची खाच जिभेच्या टोकावर आपटते. जीभ हळूहळू तुटत जाते, नवी, महागाची. तपासणी सोपी आहे: चाप पूर्ण ओढून धरा, घोडा अंगठ्याने धरून अगदी सावकाश खाली सोडा. वाटेत कुठेही किरकिर किंवा अडखळ जाणवली तर स्क्रू सैल करा, आणि ती गेल्यावरही आणखी पाव फेरा सैल करा. धूर-काजळी साठल्यावर ती जागा लागते. मग निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब. आधीच्या ओढीचा स्क्रू जास्त आवळला तर चाप पुन्हा बसतच नाही, किंवा सेफ्टी वर जात नाही.

महाराष्ट्रात ट्रिगर जुळवण्याची दुसरी एक परंपरा आहे, ऑलिंपिक नेमबाजीची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात. तिथे चापाचं किमान वजन १००० ग्रॅम, १० मीटर एअर पिस्तुलात ५००. या पिस्तुलांत बाहेरून भाग आणावे लागत नाहीत, कारखान्यानेच प्रत्येक ओढीला स्क्रू दिलेला असतो. स्पर्धेतले परीक्षक एक किलोचं वजन चापाला लटकवून पिस्तूल उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, घोडा सुटता कामा नये. प्रॅक्टिकल शूटिंगच्या प्रॉडक्शन विभागातही, म्हणजे फारसा फेरफार न केलेल्या पिस्तुलांच्या विभागात, काही संघटनांनी चापाच्या वजनाची किमान मर्यादा ठरवलेली असते. हे नियम वेळोवेळी सुधारतात, म्हणून भाग मागवण्याआधी आपल्या संघटनेची ताजी नियमावली बघावी. शॅडो २चा ट्रिगर मर्यादेखाली नेऊन स्पर्धेच्या सकाळी वजनात अडकणारे दर मोसमात दिसतात.

सगळं जोडून झालं की लगेच रेंजवर पळू नका. स्नॅप कॅप घालून घोडा चढवा, अंगठ्याने मागून पुढे जोर द्या, पडता कामा नये. स्लाइड मागे ओढून दहा वेळा जोरात सोडा, घोडा दहाही वेळा चढलेलाच राहिला पाहिजे. चाप दाबून धरून स्लाइड मागे-पुढे करा, घोडा तरीही चढलेलाच राहिला पाहिजे. सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, सोडा, सेफ्टी काढा आणि कान लावा: बारीक ‘टिक्’ ऐकू आला तर सिअर थोडा हलला आहे, सेफ्टी जुळलेली नाही. ७५ बीमध्ये स्लाइड काढून फायरिंग पिन मागून पंचने दाबा; ब्लॉकचा दट्ट्या न दाबता ती पुढच्या भोकातून बाहेर डोकावता कामा नये. मग स्लाइड बसवून, चेंबर रिकामं पाहून, नळीत खोडरबराची बाजू आत करून पेन्सिल सोडा, पिस्तूल वर धरा, डबल-ॲक्शनने चाप ओढा. पेन्सिल नळीबाहेर उडाली तर ब्लॉक वेळेवर उचलला जातोय आणि घोड्यात जीव आहे.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस. मग दोन. दोन्ही एकाच ओढीत गेली नाहीत तर पाच. नंतर दोनशे, सगळी डबल-ॲक्शनने, घोडा दर वेळी जपून खाली उतरवून, आणि जी काडतुसं पुढे वापरणार आहात तीच. घोडा उतरवताना नळी मातीच्या बांधाकडे. दोनशेत एकही मुकं गेलं तर स्प्रिंग एक पायरी वर चढवा, तेराऐवजी पंधरा. जुनी स्प्रिंग, जुना हॅमर, जुना सिअर झिपच्या पिशवीत घालून वर पिस्तुलाचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. फेडरल प्रायमर बाजारातून गायब होतात तेव्हा त्या पिशवीची आठवण येते.